छेदात काय बसलंय?

"मॅडम, अनोव्हा लावला. पी पॉइंट झिरो थ्री आली. आता टुकी लावू की शेफे?"

असा मेसेज आला की मी उलट विचारते, "छेदात काय आहे?" मग पलीकडे बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत राहतं. बहुतेकांना वाटतं मॅडम चिडल्या. चिडलेली नसते मी. अनोव्हा म्हणजे अनेक गटांच्या सरासऱ्यांत खरा फरक आहे का ते तपासायची पद्धत. पी म्हणजे खरा फरक नसताना एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, आणि टुकी, शेफे या नंतर नेमके कुठले गट वेगळे ते शोधायच्या चाचण्या. या अख्ख्या प्रकरणात मला खरा रस त्या एका जागेतच आहे. अनोव्हातून निघणारा एफ हा आकडा म्हणजे शेवटी एक भागाकार. त्यात वर काय आहे ते प्रत्येकाला पाठ असतं, कारण आपला लाडका प्रश्न वर असतो: गटांच्या सरासऱ्या एकमेकींपासून किती लांब आहेत? खाली, म्हणजे छेदात, काय घालायचं ते मात्र सॉफ्टवेअर ठरवतं, आणि आपल्याला न विचारता ठरवतं.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण संख्याशास्त्राचे नसतात. वनस्पतिशास्त्र, नर्सिंग, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, कुठूनही येतात. त्यांना एक नियम शिकवलेला असतो: दोन गट असले की टी-टेस्ट, तीन किंवा जास्त असले की अनोव्हा. का, असं विचारलं तर हुशार मुलं सांगतात की जोड्याजोड्यांनी टी-टेस्ट लावत बसलं तर खोटा फरक सापडण्याची शक्यता वाढते. बरोबर आहे. पाच गट असतील तर जोड्या दहा होतात, आणि प्रत्येक वेळी ५ टक्के चुकायची मुभा घेतली तर दहापैकी एकदा तरी खोटी घंटा वाजण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास जाते. (जोड्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, म्हणून आकडा नेमका तेवढाच येत नाही. अंदाजाला पुरे.) दोनच गट असतील तर अनोव्हा आणि टी-टेस्ट एकच: एफ म्हणजे टीचा वर्ग. इथपर्यंत सगळं पुस्तकात आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

मी शिकवताना कागदी भिरभिरं वापरते. कल्पना माझी नाही. जॉर्ज बॉक्ससारख्या मोठ्या संख्याशास्त्रज्ञाने प्रयोगरचना शिकवायला हेच कागदी हेलिकॉप्टर वापरलं आहे. कागदाची पट्टी घ्यायची, वरून मधोमध काप द्यायचा, दोन पाती विरुद्ध बाजूंना दुमडायची, खालचा भाग घडी घालून अरुंद करायचा आणि टोकाला एक पेपर क्लिप लावायची. जिन्यावरून सोडलं की गरगरत खाली येतं. किती वेळ हवेत राहिलं ते स्टॉपवॉचने मोजायचं. पात्यांची लांबी वाढवली की जास्त वेळ तरंगतं का, हा प्रश्न.

तीन लांब्या घेऊ: ६, ८ आणि १० सेंटीमीटर. प्रत्येक लांबीची पाच भिरभिरी. पाच, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून मी वर्गात फळ्यावर लिहिते ते गोलमटोल आकडे असे, सेकंदांत:

६ सेमी: १.६, १.८, १.७, १.९, १.५. सरासरी १.७.
८ सेमी: २.०, १.८, २.१, १.९, २.२. सरासरी २.०.
१० सेमी: २.२, २.४, २.१, २.६, २.२. सरासरी २.३.

आता 'सम ऑफ स्क्वेअर्स'चा, म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांच्या बेरजांचा, तक्ता बाजूला ठेवा. तो तक्ता कोष्टकं भरायला चांगला, समजायला वाईट. त्याऐवजी असं बघा. प्रत्येक गटातली पाच भिरभिरी आपापल्या सरासरीभोवती किती पसरली आहेत? हा पसारा म्हणजे व्हेरियन्स: सरासरीपासूनच्या अंतरांचे वर्ग करून बेरीज घ्यायची आणि संख्येपेक्षा एक कमी, इथे चाराने, भागायचं. तीन गटांचे व्हेरियन्स येतात ०.०२५, ०.०२५ आणि ०.०४. तिघांची सरासरी ०.०३. हा आपला छेद. एकाच लांबीच्या दोन भिरभिऱ्यांमध्ये जो फरक पडतो तो, म्हणजे कात्री किंचित वाकडी गेली, क्लिप तिरकी बसली, हवेची झुळूक आली, स्टॉपवॉचवरचा अंगठा उशिरा दाबला, या सगळ्याची एकत्र किंमत ०.०३.

मग वरचा भाग. तीन सरासऱ्या, १.७, २.० आणि २.३, यांचा आपसातला व्हेरियन्स ०.०९. पण पाच-पाच निरीक्षणांच्या सरासऱ्यांचा व्हेरियन्स एकेकट्या निरीक्षणांच्या एक पंचमांश असतो, म्हणून त्यांना पुन्हा एकेकट्या भिरभिऱ्याच्या पातळीवर आणायला ५ ने गुणायचं. ०.४५. लांबीचा काहीही परिणाम नसता तर हे ०.४५ आणि खालचं ०.०३ एकाच गोष्टीचे दोन अंदाज असते आणि दोन्ही साधारण सारखे आले असते, म्हणजे भागाकार एकच्या आसपास. इथे भागाकार १५ येतो. आता डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या: वर तीन गटांतून एक वजा, २; खाली पंधरा आकड्यांतून तीन सरासऱ्या वजा, १२. वर २ आणि खाली १२ असताना ५ टक्क्यांची सीमारेषा ३.८९ आहे. १५ तिच्या कितीतरी पलीकडे.

एक गंमत सांगते, परीक्षेत कुणी विचारणार नाही. गट तीनच असले, म्हणजे वर २ डिग्रीज ऑफ फ्रीडम असले, की पी चक्क हाताने निघते. एफला दोनाने गुणा, खालच्या १२ ने भागा, एक मिळवा: ३.५. त्याचा १२ च्या निम्मा, म्हणजे सहावा घात घ्या आणि उलटा करा. साधारण ०.०००५४. ना तक्ता, ना सॉफ्टवेअर. चार गट झाले की ही सोय संपते.

आता तेच आकडे घेऊन प्रत्येक भिरभिऱ्याचं आपल्या सरासरीपासूनचं अंतर तिप्पट करा. पहिला गट होईल १.४, २.०, १.७, २.३, १.१. सरासरी तीच, १.७. बाकीच्या दोघांच्याही सरासऱ्या जागच्या जागी. आलेखात फक्त सरासऱ्यांचे तीन खांब काढले तर दोन्ही प्रयोगांत तसूभर फरक दिसणार नाही. छेद मात्र नऊपट होतो, ०.२७. एफ १५ वरून १.६७ वर येतो, पी ०.२३. म्हणजे 'लांबीने फरक पडतो' हे वाक्य आता लिहिता येत नाही. म्हणून थिसिसमध्ये नुसते सरासऱ्यांचे खांब, ना पसाऱ्याची रेघ, ना गटातली संख्या, असा आलेख दिसला की मी पुढचं पान उलटत नाही.

हे सगळं ज्याने उभं केलं त्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण छेदाने त्यालाही सोडलं नाही. १९१९ मध्ये तो इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाला. तिथे वर्षानुवर्षांच्या पिकांच्या नोंदी पडून होत्या. १९२३ मध्ये त्याने विनिफ्रेड मॅकेंझीबरोबर बटाट्याच्या बारा जातींवरच्या खताच्या प्रयोगाचं विश्लेषण छापलं. अनोव्हाचा तक्ता प्रत्यक्ष प्रयोगावर वापरलेला छापील लेख म्हणून तोच पहिला मानला जातो. त्या प्रयोगात जाती वेगवेगळ्या वाफ्यांत होत्या, पण पोटॅशचे प्रकार प्रत्येक वाफ्याच्या आत, ओळीओळींत विभागून दिले होते. म्हणजे शेजारच्या दोन ओळींमधला फरक आणि लांबच्या दोन वाफ्यांमधला फरक हे दोन वेगळ्या आकाराचे पसारे. जातींची तुलना वाफ्यांच्या पसाऱ्याशी करायची आणि पोटॅशची ओळींच्या पसाऱ्याशी. १९२३ च्या लेखात सगळ्याला एकच छेद लावला होता. १९२५ मध्ये त्याचं संशोधकांसाठीचं पुस्तक आलं, त्यात हाच प्रयोग दोन वेगळ्या छेदांनी नीट मांडला. आज त्याला स्प्लिट-प्लॉट म्हणतात आणि सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय असतो. तो निवडला नाही तर सॉफ्टवेअर मुकाट्याने १९२३ मध्ये जातं.

(एफ हे नावही फिशरने दिलेलं नाही. तो त्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमचं निम्मं घेऊन त्याला झेड म्हणायचा. सरळ गुणोत्तर घेऊन त्याचे तक्ते करणारा आणि फिशरच्या मानार्थ त्याला एफ म्हणणारा अमेरिकेतला जॉर्ज स्नेडेकर, १९३४ मध्ये. झेड कुणाच्या लक्षातही राहिला नाही, ते बरंच झालं.)

भिरभिऱ्यांकडे परत येते. पाच हा आकडा लक्षात ठेवा म्हटलं होतं. वर्गात हा प्रयोग दिला की एखादा गट नेहमी कष्ट वाचवतो. प्रत्येक लांबीचं एकच भिरभिरं कापतो आणि तेच पाचदा सोडतो. आकडे पंधराच येतात, तक्ता तसाच दिसतो, डिग्रीज ऑफ फ्रीडम तेच २ आणि १२, आणि एफ सहसा आमच्यापेक्षा मोठा येतो! पोरं खूश. एफ मोठा का आला? कारण एकच भिरभिरं पुन्हा पुन्हा सोडलं तर कात्रीतला, घडीतला, क्लिपमधला फरक छेदातून गायबच होतो. तिथे उरतो फक्त अंगठा आणि झुळूक. छेद आकसला, एफ फुगला.

पण प्रश्न काय होता? '१० सेमी पात्यांची भिरभिरी ६ सेमीवाल्यांपेक्षा जास्त तरंगतात का?' असा होता. त्यांनी उत्तर दिलं ते 'हे एक भिरभिरं त्या एका भिरभिऱ्यापेक्षा जास्त तरंगतं का?' याचं. त्या एका लांब भिरभिऱ्याची क्लिप जरा हलकी असेल तर? लांबीचा परिणाम आणि त्या विशिष्ट कागदाचा परिणाम इथे एकमेकांत असे मिसळले आहेत की कुठलंही सॉफ्टवेअर ते वेगळे करू शकत नाही. पाचदा सोडा नाहीतर पाचशेदा. भिरभिऱ्याभिरभिऱ्यांतला फरक मोजायला एका लांबीची किमान दोन भिरभिरी लागतात, आणि इथे ती एकेकच आहेत. त्या छेदासाठी डिग्रीज ऑफ फ्रीडम शून्य. १९८४ मध्ये हर्लबर्ट नावाच्या परिसंस्थाशास्त्रज्ञाने या प्रकाराला स्यूडोरेप्लिकेशन, म्हणजे खोटी पुनरावृत्ती, असं नाव देऊन आपल्याच क्षेत्रातल्या लोकांना चांगलं फैलावर घेतलं होतं.

आणि हे फक्त वर्गातल्या पोरांचं नाही. एका टाकीतले वीस मासे, एका कुंडीतली दहा रोपं, एका शिक्षिकेच्या वर्गातली चाळीस मुलं, एका रुग्णाच्या दोन डोळ्यांची मापं: थिसिसमागून थिसिस हेच. औषध टाकीला दिलेलं असतं आणि मोजणी माशांची होते. मी विचारते, चिठ्ठी कुणाच्या नावाने उचललीत? टाकीच्या नावाने की माशाच्या? ज्याच्या नावाने चिठ्ठी उचलली, ज्याला उपचार नेमून दिला, त्याचा पसारा छेदात हवा. मासे वीस असोत की दोनशे, उपचार तीन आणि टाक्याही तीनच असतील तर तुमचं रेप्लिकेशन शून्य आहे. हे ऐकून चेहरे पडतात, कारण डेटा गोळा झालेला असतो आणि सबमिशनची तारीख लागलेली असते. तेव्हा वाईट वाटतं, पण त्या टप्प्यावर अनोव्हा काहीही करू शकत नाही. कुणीही नाही.

चिठ्ठीवरून आठवलं. पंधरा भिरभिरी कुठल्या क्रमाने सोडायची? आधी सगळी आखूड, मग मधली, मग लांब, असं केलं तर मोजणाऱ्याचा हात हळूहळू बसत जातो आणि ते हात बसणं लांबीच्या खात्यावर जमा होतं. म्हणजे अंशात घुसखोरी. क्रम सोडतीने ठरवला की ही घुसखोरी सगळ्या गटांत वाटली जाते. फिशर याबाबतीत फार हट्टी होता, आणि योग्यच होता.

उलटा प्रकारही होतो. सोडणारे दोघे होते, एक उंच आणि एक बुटका. दोघांनी तिन्ही लांब्या सारख्याच वाटून घेतल्या, पण विश्लेषणात 'कुणी सोडलं' हा रकाना घातलाच नाही. मग उंचीचा फरक जाऊन बसतो छेदात. एफ कधीकधी ०.१ वगैरे येतो. एवढा छोटा एफ आला की लोक 'फरक नाही' लिहून मोकळे होतात. मी तिथे थांबते. परिणाम नसला तरी एफ एकच्या आजूबाजूला असायला हवा. फारच खाली गेला तर छेदात परकं काहीतरी शिरलंय का ते बघायचं. रकाना घाला, पसारा वेगळा काढा, एफ भानावर येतो.

बरं, टुकी की शेफे?

आपल्या आकड्यांवरच बघू. शेजारशेजारच्या लांब्यांमधला फरक ०.३० सेकंद, टोकांमधला ०.६०. साध्या टी-टेस्टने छेद ०.०३ वापरून बघितलं तर ०.२४ च्या वरचा कुठलाही फरक खरा म्हणायचा. टुकीची रेषा ०.२९ वर. बॉनफेरोनीची (५ टक्के तीन जोड्यांत वाटून) ०.३०४ वर. शेफेची ०.३०५ वर. म्हणजे टुकी लावलात तर तिन्ही जोड्या वेगळ्या. बॉनफेरोनी किंवा शेफे लावलात तर शेजारच्या दोन्ही जोड्या नापास आणि फक्त टोकं वेगळी. आकडे तेच, भिरभिरी तीच, आणि निष्कर्ष मेन्यूत कुठे टिचकी मारली यावर. यातली कुठलीच पद्धत खोटी नाही. प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नांच्या यादीला संरक्षण देतो. टुकी सगळ्या जोड्यांना. शेफे जोड्या सोडूनही सुचतील त्या सगळ्या तुलनांना, उदाहरणार्थ 'पहिल्या दोघांची सरासरी विरुद्ध तिसरा', म्हणून तो जास्त भाव मागतो. सगळ्यांची तुलना एकाच नियंत्रण गटाशी करायची असेल तर डनेटची चाचणी, १९५५ पासून उपलब्ध आहे आणि तरी लोक तिथे टुकी लावून उगाच ताकद घालवतात. कुठली यादी आपली, हे आकडे बघण्याआधी ठरवायचं. सगळ्या पद्धती चालवून जी आवडेल ती ठेवायची, हे होतं. सगळ्यांना माहीत आहे की होतं.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. ०.३० हे ०.२९ च्या पुढे की ०.३०५ च्या मागे, यावर आपण भांडतोय, आणि वेळ मोजलाय माणसाच्या अंगठ्याने, ज्याची प्रतिक्रियाच सेकंदाचा पाचवा हिस्सा घेते. आणि दुसरं म्हणजे, ६, ८ आणि १० ही नावं नाहीत हो, ही लांबी आहे! बटाट्याच्या जातींना क्रम नसतो, तिथे जोड्या लावा. लांबी, डोस, तापमान, दिवस यांना क्रम असतो. तिथे '६ आणि ८ वेगळे आहेत का' हा प्रश्नच मुळात फुसका आहे. प्रश्न असा हवा: लांबी एक सेंटीमीटरने वाढली की वेळ किती वाढतो, आणि ती वाढ सरळ रेषेत आहे की कुठे वाकते?

तसं विचारा आणि बघा काय होतं. आपल्या सरासऱ्या १.७, २.०, २.३, सारख्या पायऱ्या. गटांमधली सगळी, म्हणजे ०.९० ची ०.९० (वरचे ०.४५ गुणिले २) सम ऑफ स्क्वेअर्स एकट्या सरळ रेषेने उचलली. वाकण्यासाठी काही उरलंच नाही. (गोल आकड्यांचा प्रताप, खऱ्या डेटात थोडं उरतं.) दोन डिग्रीज ऑफ फ्रीडममध्ये विभागलेली ताकद एकाच प्रश्नावर लागली, एफ १५ चा ३० झाला. आणि वाक्य काय लिहिता येतं? 'या टप्प्यात पात्याच्या प्रत्येक सेंटीमीटरमागे सुमारे ०.१५ सेकंद वेळ वाढतो.' हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं आहे. खांबांच्या डोक्यावर कुठले गट वेगळे ते दाखवणारी ए, बी, सी अशी अक्षरं चिकटवून ते मिळत नाही.

गृहीतकांबद्दल थोडक्यात, कारण यावर गरजेपेक्षा जास्त शाई खर्च होते. नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकारात पसरलेले, असायला हवेत ते रेसिड्युअल्स, म्हणजे गटाची सरासरी वजा केल्यावर उरलेलं. सगळ्या गटांचे आकडे एकत्र ओतून त्यांची नॉर्मॅलिटी तपासणं चूक. तीन गट खरोखर वेगळे असतील तर एकत्र आलेखाला तीन उंचवटे येणारच. व्हेरियन्स सारखे असायला हवेत, पण गटांची संख्या सारखी असेल तर थोडंफार वर-खाली अनोव्हा सहन करतो. संख्या विषम असेल तेव्हा सांभाळा: लहान गटाचा पसारा मोठा असेल तर खोटे फरक सापडतात, मोठ्या गटाचा पसारा मोठा असेल तर खरे फरक लपतात. मग आधी व्हेरियन्सची चाचणी लावायची का? बॉक्सने १९५३ मध्येच म्हटलं होतं की हे म्हणजे मोठं जहाज बंदरातून सोडण्याइतका समुद्र शांत आहे का ते बघायला आधी वल्ह्याची होडी पाठवण्यासारखं आहे. मी सरळ वेल्चचा अनोव्हा सुचवते, तो व्हेरियन्स सारखे आहेत असं धरतच नाही. १९५१ चा आहे आणि बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मिळतो. क्रस्कल-वॉलिस हा त्याला पर्याय म्हणून सर्रास लावतात, पण तो सरासऱ्यांची तुलना करत नाही, क्रमांकांची करतो. निष्कर्षात 'सरासरी' लिहायचं असेल तर तो तुमचा नाही.

तक्ता हातात आला की मी पी बघत नाही, आधी डिग्रीज ऑफ फ्रीडमचा रकाना बघते. ती सवय लावून घ्या. आर हे सॉफ्टवेअर वापरताना ६, ८, १० हे आकडे म्हणूनच भरले आणि फॅक्टर, म्हणजे गटांची नावं, केले नाहीत, तर ते निमूटपणे सरळ रेषा बसवतं आणि तक्त्यात २ आणि १२ ऐवजी १ आणि १३ छापतं. इथे ते चाललंही असतं. पण गटांना १, २, ३ असे नुसते क्रमांक दिले असतील, म्हणजे योग, चालणं आणि काहीच नाही, तर ती रेषा म्हणजे शुद्ध वेडेपणा. माशांच्या थिसिसमध्ये टाक्या सहा आणि खाली ११७ डिग्रीज ऑफ फ्रीडम दिसले की पुढचं वाचायची गरज नाही. छेदात कोण बसलंय ते हा रकाना सांगून टाकतो.

यावर मुलं विचारतात, मग एकेक भिरभिरं अनेकदा सोडण्यात काहीच अर्थ नाही का? आहे, जर भिरभिरीही अनेक असतील तर. आपल्या ०.०३ मध्ये कात्रीही आहे आणि अंगठाही. एकेकदाच सोडलं तर ते दोघे वेगळे होत नाहीत. प्रत्येक भिरभिरं चारदा सोडलं की होतात. समजा त्यात अंगठ्याचे ०.०२ निघाले आणि कात्रीचे ०.०१. मग चार वेळांची सरासरी घेतली की अंगठ्याचा वाटा पाव होतो, ०.००५, आणि छेद एकूण ०.०१५, म्हणजे थेट निम्मा. दहादा सोडलं तर ०.०१२. शंभरदा सोडून हात दुखवून घेतला तरी ०.०१ च्या खाली जाणार नाही, कारण तिथे कात्री बसलेली आहे. आणि वाटा उलटा असेल, कात्री ०.०२ आणि अंगठा ०.०१, तर चारदा सोडून छेद जेमतेम ०.०२२५ होतो, त्यापेक्षा तो वेळ आणखी भिरभिरी कापण्यात घालवलेला बरा.

म्हणून पुढच्या बॅचला पहिल्या प्रॅक्टिकलमध्ये तीन लांब्या देणार नाही. सगळी भिरभिरी ८ सेमीचीच, प्रत्येक चारदा, क्रम सोडतीने. निम्मी मुलं स्टॉपवॉच घेऊन, निम्मी मोबाइलच्या स्लो मोशनवर फ्रेम मोजत. कात्री किती आणि अंगठा किती हे दोन आकडे फळ्यावर आले की मगच लांबी बदलायची, आणि किती कापायची ते त्यांनीच ठरवायचं.